गाणारा अधिकारी : जी. एन. जोशी यांची खुर्ची आणि आपला ठेवा

१/२२
मराठी भावगीताचा इतिहास सांगताना आपण कवी, संगीतकार आणि गायक अशी तीन नावे घेतो. चौथे नाव बहुधा राहून जाते : कोणाचे गाणे तबकडीवर जायचे आणि कोणाचे नाही, हे ठरवणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्याचे. आजचे सूत्र अशाच एका अधिकाऱ्याविषयी आहे, जो स्वतः नामवंत गायक आणि संगीतकारही होता. त्यांचे नाव जी. एन. जोशी (१९०९–१९९४).

२/२२
माझे मत आरंभीच नोंदवून ठेवणे बरे. भावगीताचे आद्य गायक म्हणून जोशी यांचा होणारा गौरव योग्यच आहे. परंतु त्यांचे अधिक दूरगामी कार्य एचएमव्हीच्या खुर्चीवर बसून झाले आणि त्या खुर्चीचा हिशेब आपण अद्याप मांडलेला नाही. आपण ज्याला 'मराठी संगीताचा ठेवा' म्हणतो, त्याचा मोठा भाग म्हणजे अशा मोजक्या खुर्च्यांवरून घेतलेले निर्णय होत. हे मत मान्य असो वा नसो, वाचकहो, त्यामागची कारणे तरी पाहावीत.

३/२२
प्रथम पार्श्वभूमी. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि गौहर जान यांचे गाणे त्याने ध्वनिमुद्रित केले. त्या काळी मुद्रिका छापल्या जात जर्मनीतील हॅनोव्हर येथे. गाणे संपताच गायिका आपले नाव उच्चारत असे, ते तेथील कारागिरांना तबकडी कोणाची हे कळावे म्हणून. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि तबकड्या येथेच तयार होऊ लागल्या. त्या लाखेपासून बनत आणि ती लाख मुख्यतः हिंदुस्थानचीच असे.

४/२२
दहा इंची तबकडीच्या एका बाजूस साधारण सव्वातीन मिनिटे मिळत. ही मर्यादा लक्षात ठेवावी, कारण पुढील सारी कथा तिच्याभोवती फिरते. रंगभूमीवर वन्समोअर घेत पाऊण तास रंगणारे पद आणि मैफलीत तासभर चालणारा ख्याल, दोन्हींना या सव्वातीन मिनिटांत मावावे लागे. काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हा निर्णय गायकाचा असला तरी त्याच्यासमोर घड्याळ धरून कंपनीचा माणूस उभा असे.

५/२२
१९३० च्या दशकाच्या आरंभी मराठी गाणे एका वळणावर होते. १९३२ साली आमच्या कोल्हापुरात 'प्रभात'ने 'अयोध्येचा राजा' हा बोलपट पडद्यावर आणला. त्याचे संगीत कोल्हापूरच्याच गोविंदराव टेंबे यांचे. बोलपटाने नाटक मंडळ्यांचा प्रेक्षक ओढून घेतला. दुसरीकडे रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाची आवड सुशिक्षितांच्या घरात रुजवली होती. नाट्यपदाहून लहान, तानांच्या भाराहून मोकळे आणि घरात बसून ऐकता येईल असे गाणे हवे होते. सव्वातीन मिनिटांची तबकडी जणू त्याचीच वाट पाहत होती.

६/२२
ते गाणे आले विदर्भातून. जोशी मूळचे खामगावचे, कायद्याचे पदवीधर. कवी ना. घ. देशपांडे मेहकरचे, तेही वकील. दोघेही १९०९ साली जन्मलेले आणि दोघेही बुलढाणा जिल्ह्याचे. देशपांडे यांच्या 'शीळ' या कवितेला जोशी यांनी चाल लावली, ती स्वतः गायली आणि तिची तबकडी घरोघर पोहोचली. पहिले ध्वनिमुद्रित भावगीत म्हणून तिचा उल्लेख होतो. कवितासंग्रहाच्या रूपाने 'शीळ' प्रसिद्ध झाले ते १९५४ साली. कविता आधी कानांवर आणि मग पुस्तकात, असा उलटा प्रवास मराठीत तोवर विरळाच होता.

७/२२
भावगीताचे श्रेय एकट्या जोशी यांना देणे मात्र उचित नाही. आमच्या जिल्ह्यातील इचलकरंजीचे ज. ल. रानडे त्याच काळात कवितांना स्वर देत होते. पुढे गजानन वाटवे यांनी तेच गाणे गणेशोत्सवाच्या मांडवात आणि चौकात नेले. जोशी यांचे वेगळेपण पुढच्या पावलात आहे. १९३८ साली त्यांनी एचएमव्हीत नोकरी पत्करली आणि तीन दशकांहून अधिक काळ ते तेथे ध्वनिमुद्रणाचे काम पाहत राहिले. गाणारा माणूस काचेच्या पलीकडच्या बाजूस जाऊन बसला.

८/२२
त्या बाजूस काम काय असे? गायक हेरणे, त्याला राजी करणे, मानधन ठरवणे, कविता व चाल निवडणे, साथीदार जमवणे, तालीम करून घेणे, वेळ मोजणे, आणि नमुना तबकडी आली की ती बाजारात जाण्याजोगी आहे की नाही हे सांगणे. फीत येण्यापूर्वी ध्वनिमुद्रण मेणाच्या तबकडीवर होई. एक सूर घसरला की सारे पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी समोरचा अधिकारी स्वतः गाणारा असेल, तर गायकाची भीती त्याला न सांगता समजते. जोशी यांचे बळ येथे होते.

९/२२
हे बळ किती मोलाचे होते, ते कोल्हापूरच्याच उदाहरणाने सांगता येते. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गायक. जयपूर-अत्रौली घराण्याचे हे प्रवर्तक १९४६ साली निवर्तले. त्यांच्या आवाजाची एकही तबकडी आज उपलब्ध नाही. जो माणूस करवीरनगरीत इतकी वर्षे गायला, त्याचा स्वर आपण केवळ इतरांच्या वर्णनांवरून कल्पनेत उभा करतो.

१०/२२
आता त्यांच्या शिष्येकडे पाहावे. केसरबाई केरकर यंत्राच्या बाबतीत अतिशय साशंक होत्या, तरीही त्यांचे काही गाणे तबकडीवर आले. त्यांतील भैरवीची साडेतीन मिनिटे १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांवरील सुवर्णतबकडीत गेली आणि आज ती आंतरतारकीय अवकाशात आहेत. गुरूचा स्वर भूमीवरही उरला नाही, शिष्येचा ताऱ्यांच्या वाटेवर आहे. दोघांच्या योग्यतेत एवढे अंतर निश्चितच नव्हते. अंतर होते ते मुद्रण झाले आणि झाले नाही, एवढेच. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या 'एवढेच' या शब्दापाशी थांबायला हवे.

११/२२
जोशी यांच्या कारकिर्दीची दुसरी बाजू दीर्घ मुद्रिकेची, म्हणजे एलपीची. एका बाजूस वीस मिनिटे मिळू लागली आणि सव्वातीन मिनिटांत न मावणारे गाणे प्रथमच मुद्रणयोग्य ठरले. अमीर खाँ यांचा अतिविलंबित ख्याल जुन्या तबकडीत बसणे शक्यच नव्हते. मारवा आणि दरबारी या रागांची त्यांची दीर्घ मुद्रिका याच कालखंडातली. बडे गुलाम अली खाँ, बेगम अख्तर, हिराबाई बडोदेकर अशा थोरांशी मुद्रणाच्या निमित्ताने जोशी यांचा संबंध आला. त्या आठवणी त्यांनी 'स्वरगंगेच्या तीरी' या मराठी आणि 'डाऊन मेलडी लेन' या इंग्रजी पुस्तकात लिहून ठेवल्या आहेत.

१२/२२
अधिकाऱ्याचे काम केवळ निवडीचे नसते, रचनेचेही असते, याचा उत्तम दाखला म्हणजे १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही मुद्रिका. काश्मीरच्या दरीतील मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, निरनिराळ्या रागांतून उलगडायचा, अशी ही कल्पना. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. तिन्ही वादक तेव्हा तरुण होते आणि संतूर व गिटार ही वाद्ये रागसंगीताच्या बैठकीत अद्याप नवखी होती. या मुद्रिकेमागील निर्माता जी. एन. जोशी. जगभर ती गाजली, वादकांची नावे सर्वतोमुखी झाली. निर्मात्याचे नाव मुखपृष्ठाच्या पाठीमागे राहिले.

१३/२२
जगात अशी माणसे इतरत्रही झाली. अमेरिकेत बेरी गॉर्डी आधी गीतकार होता, १९५९ साली कुटुंबाकडून आठशे डॉलर कर्जाऊ घेऊन त्याने 'मोटाऊन' कंपनी उभारली. त्याचा सहकारी स्मोकी रॉबिन्सन गीते लिहीत, गात आणि त्याच कंपनीचा उपाध्यक्ष म्हणूनही काम करत राहिला. तुलना येथेच थांबते. गॉर्डी मालक होता, जोशी पगारी नोकर. गॉर्डीने कृष्णवर्णीयांच्या गाण्यासाठी त्यांचीच कंपनी काढली. आपल्याकडे अधिकारी आपला, गाणे आपले, पण मुख्यालय दीर्घकाळ लंडनला होते.

१४/२२
खुर्ची कोणाची यावर किती अवलंबून असते, हे पाहायला आणखी एक उदाहरण घेऊ. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' प्रसारित झाले : छप्पन्न गीते, वर्षभर, दर आठवड्यास. गदिमा आणि कोल्हापूरचे सुधीर फडके ही नावे सर्वांस ठाऊक. पण गदिमांकडे ही कल्पना घेऊन गेलेले केंद्राचे अधिकारी सीताकांत लाड किती जणांना आठवतात? फरक ध्यानी घ्यावा. लाड यांच्या संस्थेला गाणे विकायचे नव्हते. म्हणूनच वर्षभर चालणाऱ्या मालिकेचे धाडस रेडिओला परवडले. जोशी यांच्या संस्थेला प्रत्येक तबकडीमागे खपाचा विचार करावा लागे.

१५/२२
आणि येथून मतभेदाची जागा सुरू होते. कंपनीने लोकगीतांकडे पाठ फिरवली, असा सरसकट आरोप खरा नाही. पोवाडे, लावण्या, भजने, शाहीर साबळे यांची गाणी तबकड्यांवर निघाली. पण हे सारे फडावरचे, मंचावरचे, व्यावसायिक गाणे. जात्यावरची ओवी, रोपलावणीच्या चिखलात उभे राहून म्हटलेली भलरी, गौरीच्या रात्रीची झिम्मा-फुगडीची गाणी यांच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच आले. कारण साधे आहे. जे गाणे प्रत्येक घरात फुकट ऐकू येते, त्याची तबकडी कोण विकत घेणार?

१६/२२
हा तर्क व्यापाऱ्याच्या दृष्टीने निर्दोष होता आणि म्हणूनच त्याचा परिणाम इतका खोल झाला. पुढे विजेची चक्की आली, जाते कोपऱ्यात गेले आणि फुकटचे गाणे दुर्मीळ झाले. तोवर ते गाणाऱ्या बायकांची एक पिढी संपली होती. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी हजारांहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि त्यांपैकी कित्येक ध्वनिमुद्रितही झाल्या. हे काम नसते, तर महाराष्ट्राच्या स्त्रियांच्या या अफाट काव्याचा आवाज आपल्याजवळ जवळपास उरला नसता. ते कोणत्याही कंपनीने केले नाही, हेही नोंदवायला हवे.

१७/२२
भावगीताकडे पुन्हा याच नजरेने पाहावे. त्याचे कवी वकील, प्राध्यापक, शिक्षक. त्याचा श्रोता शहरी, शिक्षित, फोनो विकत घेऊ शकणारा. या वर्गाचे हळवेपण आणि त्याची प्रमाण भाषा तबकडीवर चढली आणि हळूहळू तेच 'मराठी मन' म्हणून ओळखले जाऊ लागले. भावगीत मला मनापासून प्रिय आहे. त्याच्या सौंदर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती त्याला अख्ख्या मराठीचा प्रतिनिधी मानण्याविषयी. भुदरगडच्या डोंगरातल्या धनगरवाड्यावर त्याच वर्षी कोणते गाणे चालले होते, याचा पुरावा आपल्याकडे नाही.

१८/२२
यावर कोणी म्हणेल, एका नोकरदार माणसावर एवढा भार कशाला? आक्षेप रास्त आहे. खपाचे गणित जोशी यांनी निर्माण केले नव्हते. उलट त्या गणिताच्या आत राहून, जे फारसे खपणार नाही असे पुष्कळ रागसंगीत त्यांनी कंपनीच्या गळी उतरवले. माझा रोख व्यक्तीवर नसून आपल्या इतिहासलेखनावर आहे. आपण आठवणींची पुस्तके वाचतो, त्यांतील किस्से रंगवून सांगतो आणि थांबतो. ती अधिकाऱ्याच्या बाजूने लिहिलेली आहेत. ज्यांना नकार मिळाला, त्यांची आठवणींची पुस्तके नाहीत. त्यांच्यासाठी कंपनीची नोंदवही, करारपत्रे आणि नाकारलेल्या नमुन्यांच्या याद्या पाहायला हव्यात.

१९/२२
हक्कांचाही विचार करू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ध्वनिमुद्रणाचा मालक कंपनी ठरली. गाणाऱ्यास स्वतंत्र हक्क मिळाला १९९४ च्या दुरुस्तीने. गीतकार व संगीतकार यांचा मानधनातील वाटा लिहून घेता येणार नाही, ही तरतूद आली २०१२ मध्ये. म्हणजे जोशी यांच्या संपूर्ण कारकिर्दीत समोर बसलेल्या कलावंताची बाजू कायद्याने दुबळी होती. स्वतः कलावंत असलेला माणूस त्या वेळी मेजाच्या बलवान बाजूस होता. हा ताण त्यांच्या कारकिर्दीचा गाभा आहे. त्याचे मूल्यमापन आपण टाळत आलो.

२०/२२
आज एक संधी आहे. प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी ध्वनिमुद्रणावरील हक्क संपतो. त्यामुळे जुन्या लाखेच्या तबकड्यांचे मुद्रण आता बहुतांशी सर्वांचे झाले आहे. १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' १ जानेवारी २०२८ रोजी त्या यादीत येईल. सावधगिरी एकच : मुद्रण मुक्त झाले, तरी त्यातील कविता आणि चाल मुक्त असतेच असे नाही. त्यांचा हक्क कवी व संगीतकार यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. ना. घ. देशपांडे २००० साली गेले, म्हणजे त्यांच्या कवितेवरील हक्क २०६० अखेरपर्यंत आहे.

२१/२२
परंतु हक्क संपल्याने तबकडी हाती येत नाही. एचएमव्हीचा वारसा आज 'सारेगामा' या नावाने चालतो आणि मूळ संग्रह तिच्याकडे आहे. माझे म्हणणे असे की, ज्या मुद्रणांवरील हक्क संपले, त्यांची संपूर्ण यादी व प्रती विद्यापीठांच्या ग्रंथालयांना मिळाव्यात आणि यासाठी राज्याच्या सांस्कृतिक खात्याने पुढाकार घ्यावा. जुन्या बखरींसाठी आपण दप्तरखाने राखले. विसाव्या शतकाचा मोठा पुरावा आवाजाच्या रूपात आहे. त्याचा दप्तरखाना खाजगी गोदामात असणे, हे कोणत्याही इतिहासाच्या विद्यार्थ्यास स्वस्थ बसू देणारे नाही.

२२/२२
दुसरे काम आपल्या हातातले आहे. जे. पी. नाईक यांच्या प्रेरणेने मौनी विद्यापीठासारखी संस्था ज्या गारगोटीत उभी राहिली, तेथे प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आज ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. जोशी यांना जो निर्णय खपाकडे पाहून घ्यावा लागे, तो आपल्याला तसा घ्यावा लागत नाही. आपल्या आजीची ओवी, पाटगावच्या वाटेवरील भजनी मंडळाचा अभंग, धनगरवाड्यावरील गाणे ध्वनिमुद्रित करावे. गाणाऱ्याची संमती घ्यावी. त्याचे नाव, गाव व तारीख लिहून ठेवावी. घरात जुन्या तबकड्या असतील, तर त्यांवरील मजकूर टिपून या सूत्राखाली द्यावा. खुर्ची आता आपल्याकडे आहे आणि पुढची पिढी तिचा हिशेब मागेल.